कारखाना पाडायचाय, आधी मोजायचा कसा?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

जुनी शेड उतरवण्याआधी तिची नीट मोजणी करून घ्या, असं मागच्या अंकात लिहिलं होतं. त्यावर कोल्हापूरच्या उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथून बरेच प्रश्न आले. सगळ्यांना जागा देणं शक्य नाही, त्यातले सात घेतले आहेत.

प्रश्न : शिवाजी उद्यमनगरात आमची जुनी फाउंड्री आहे. साठ बाय अठरा मीटरची शेड, चौदा इंची विटांच्या भिंती, वर सिमेंटचे पत्रे, आत गॅन्ट्री (क्रेनच्या रुळाचे गर्डर) आणि एक बंद पडलेला क्युपोला (बीड वितळवायची उभी भट्टी). एक भिंत शेजाऱ्याला चिकटून. तीन कोटेशन आली. एक म्हणतो ड्रोन पुरे, दुसरा म्हणतो लेसर स्कॅनरच पाहिजे, तिसरा म्हणतो टोटल स्टेशनशिवाय काही खरं नाही. ऐकायचं कोणाचं? (एक फाउंड्रीमालक)

तिघांचंही बरोबर आहे, आणि एकट्याला काम दिलंत तर तिघंही अपुरे पडतील. ड्रोनला छप्पर दिसतं, छपराखालचं काही दिसत नाही. लेसर फिरवून कोट्यवधी बिंदू टिपणाऱ्या स्कॅनरला आतलं सगळं दिसतं, पण पत्र्याच्या वरची बाजू आणि पन्हळी दिसत नाहीत. टोटल स्टेशन, म्हणजे तिपाईवरचं कोन आणि अंतर मोजायचं यंत्र, एका वेळी एकच बिंदू घेतं, पण तो मिलिमीटरच्या हिशेबात घेतं. म्हणून तिन्ही एकत्र आणायची आणि सांधा टोटल स्टेशनने घालायचा.

सुरुवात कंट्रोल पॉइंटपासून, म्हणजे ज्यांच्यावरून बाकी सगळं मोजायचं त्या पक्क्या खुणांपासून. तुमच्या जागेला सहा पुरेत, पण ते पाडकामाच्या पट्ट्याबाहेर हवेत : रस्त्याकडची मोरी, समोरच्या इमारतीचा जोता, कंपाउंडबाहेरचं पक्कं काँक्रीट. पाडायच्या भिंतीवर मारलेला खिळा भिंतीबरोबरच ट्रॅक्टरमध्ये जातो, आणि पाडकामानंतर शेजाऱ्याची भिंत हलली की नाही हे पुन्हा मोजायला आधारच राहत नाही. ही चूक फार होते. सहा बिंदूंचा बंद ट्रॅव्हर्स घ्या, म्हणजे एकावरून दुसरा मोजत पहिल्यावर परत या. आतल्या कोनांची बेरीज ७२० अंश यायला हवी. पाच सेकंदांच्या यंत्रावर १२-१५ सेकंदांची चूक चालते (ही सेकंद-मिनिटं कोनाची, वेळेची नव्हेत). मिनिटभर आली तर ती वाटून टाकू नका, पुन्हा मोजा.

मग आत स्कॅनर. खांबांच्या ओळींमुळे सावल्या पडतात, म्हणून मधल्या गाळ्यातून सरळ चालत जाऊन भागत नाही. दोन्ही बाजूंनी दर ८-१० मीटरवर एक स्थानक (यंत्र उभं करायची जागा) धरा. आत १२ ते १४, बाहेर आठ, क्युपोलाच्या चार्जिंग प्लॅटफॉर्मवर (माल टाकायच्या माळ्यावर) दोन-तीन. प्रत्येक स्थानकावरून चौकटीचे काळे-पांढरे टार्गेट किमान तीन दिसले पाहिजेत, तेही एका ओळीत नकोत. चार लावा म्हणजे एक चुकलं तरी कळतं. साध्या ए-फोर कागदावर छापले तरी चालतात. कागद चकचकीत नसावा आणि फार तिरक्या कोनातून दिसू नये, एवढंच. हे टार्गेट टोटल स्टेशनने प्रिझम (लेसर परतवणारी काच) न लावता मोजून घ्यायचे. दहा मीटरवर दोन बिंदूंत ६ मिलिमीटर अंतर ही स्कॅनरची सेटिंग शेडला पुरते. त्यात एका स्थानकाला सुमारे साडेचार कोटी बिंदू येतात, तेव्हा संगणकाची तयारीही आधीच बघा.

फाउंड्रीत स्कॅनरची खोड वेगळी. क्युपोलाची आणि भिंतीची काजळी लेसर गिळून टाकते, तिथे बिंदू विरळ येतात. यंत्र जवळ न्या आणि वेग कमी करा. मोल्डिंगची वाळू झाडली त्याच दिवशी स्कॅन करू नका, हवेतली बेंटोनाइट आणि कोळशाची धूळ बिंदूंचा धुरळा करते. रात्रभर बसू द्या. फरशीवर पाणी असेल तर तिथे छपराचं प्रतिबिंब जमिनीखाली उमटतं आणि नकाशात खड्डा तयार होतो. नव्या पत्र्यावर आणि काचेवरही असंच खोटं प्रतिबिंब येतं. ते हातानेच काढावं लागतं.

ड्रोन शेवटी. ५० मीटर उंचीवरून, वीस मेगापिक्सेलच्या एक इंची सेन्सरच्या कॅमेऱ्याने, एका पिक्सेलला सुमारे १.४ सेंटिमीटर जमीन येते. उडण्याच्या दिशेत ८० टक्के आणि बाजूला ७० टक्के ओव्हरलॅप (फोटो एकमेकांवर येणं) ठेवा, आणि मग कॅमेरा ४५ अंशांत करून चारही बाजूंनी एक फेरी. ही तिरकी फेरी वाचवू नका. बाहेरच्या भिंती तिच्यातच दिसतात, आणि ड्रोनचे बिंदू व स्कॅनरचे बिंदू जुळवायला दोघांनी पाहिलेला भाग तोच असतो. फोटो कंट्रोलशी जुळवायला जमिनीवर ६० सेंटिमीटरच्या पाच-सहा फुल्या चुन्याने काढा, आणि दोन-तीन जास्तीच्या फक्त पडताळणीसाठी ठेवा. छपरावर फुली मारायला पोरगं चढवू नका. जुना सिमेंटचा पत्रा पाय ठेवताच तुटतो. छपरावरचा आधार हवाच असेल तर खालून टोटल स्टेशनने मोभाच्या टोकाचा बोल्ट मोजा.

सगळं एकत्र आल्यावर एक पडताळणी पैसे देण्याआधी तुमच्या समोर करून घ्या. जमिनीपासून १.२ मीटरवर ५ सेंटिमीटर जाडीचा आडवा काप काढायला सांगा. आतली रेघ स्कॅनरची असेल, बाहेरची ड्रोनची. दोन्हींतलं अंतर म्हणजे तुमच्या भिंतीची जाडी. चौदा इंच आणि दोन्हीकडचं प्लास्टर धरून ३८ सेंटिमीटरच्या आसपास. खिडकीपाशी टेप लावून मोजा. एका टोकाला ३८ आणि दुसऱ्या टोकाला ३१ येत असेल तर दोन्ही नकाशे एकमेकांत फिरलेले आहेत, मग रंगीत चित्र कितीही देखणं असो.

पैसे कमीच पडत असतील तर ड्रोन सोडा. कंट्रोल सोडू नका.

प्रश्न : एका बंद गिरणीच्या जागेची मोजणी केली. ड्रोनचा नकाशा आरटीकेवर (उपग्रहांवरून सेंटिमीटरपर्यंत जागा काढायची पद्धत) बांधलाय, टोटल स्टेशन वेगळं. २०० मीटरच्या अंतरात ८ सेंटिमीटरचा फरक येतो. यंत्र कॅलिब्रेट करून आणलं, तरी तेवढाच. दोष कशात? (सर्व्हेअर, राजारामपुरी)

बहुतेक कशातच नाही. तुमचा ड्रोन ग्रिडवर (सपाट नकाशाच्या चौकटीवर) मोजतोय आणि टोटल स्टेशन जमिनीवर. कोल्हापूर यूटीएम या जागतिक नकाशापद्धतीच्या ४३ व्या झोनमध्ये येतं, त्याची मध्यरेषा ७५ अंश पूर्वेला. आपण तिच्या पश्चिमेला साधारण ८० किलोमीटर. इथे ग्रिडचा स्केल फॅक्टर (नकाशावरच्या अंतराचं खऱ्या अंतराशी प्रमाण) ०.९९९६८ च्या जवळ येतो. त्यात साडेपाचशे मीटर उंचीची घट धरली की एकत्रित ०.९९९६० होतो. म्हणजे दर १०० मीटरला ४ सेंटिमीटर कमी, आणि २०० ला ८. तुमचा आकडा नेमका तोच आहे.

खात्री अशी करा. चूक अंतराच्या प्रमाणात आणि सगळ्या दिशांना सारखी वाढत असेल तर ती स्केलची. सगळीकडे तेवढीच सरकलेली असेल तर बेसचे (आरटीकेच्या जमिनीवरच्या स्थिर यंत्राचे) निर्देशांक चुकले. कडा बरोबर आणि मध्य फुगलेला किंवा खोलगट असेल तर फोटोंच्या जुळणीतला दोष. जमिनीवरच्या फुल्या कमी पडल्यात आणि तिरके फोटो नाहीत.

पाडकामाला जमिनीवरचं अंतर हवं, कारण गॅसकटरवाला टेपने मोजतो. एक कंट्रोल पॉइंट आणि एक दिशा धरून ठेवा, बाकीचे बिंदू त्याच्याभोवती १.०००४ ने वाढवा, आणि ड्रोनच्या फुल्यांनाही तेच निर्देशांक द्या. हे करतानाच निर्देशांक लहान करून घ्या. यूटीएममध्ये आपला नॉर्दिंग, म्हणजे विषुववृत्तापासून उत्तरेकडचं अंतर, अठरा लाख मीटरच्या पुढे जातो. असा आकडा ३२ बिटच्या संख्येत साठवला की त्याची सर्वांत लहान पायरी साडेबारा सेंटिमीटरची होते, आणि पडद्यावर बिंदू पट्ट्या-पट्ट्यांत बसलेले दिसतात. बिंदू बघायचं क्लाउडकंपेअर हे सॉफ्टवेअर फाइल उघडताना ग्लोबल शिफ्ट (आकडे सरकवून लहान करणं) विचारतं ते त्यासाठीच. तिथे घाईने ‘नको’ म्हणू नका.

उंचीचं वेगळं. आरटीकेची उंची पृथ्वीच्या गणिती लंबगोलावरची, आणि आपल्याकडे ती समुद्रसपाटीच्या उंचीपेक्षा साठ मीटरहून जास्त कमी येते. जागा पंचगंगेच्या बाजूला असेल तर पुढे पूररेषेशी तुलना करायची वेळ येईलच. म्हणून जवळच्या बेंचमार्कवरून (समुद्रसपाटीपासूनची उंची ठाऊक असलेल्या खुणेवरून) लेव्हल लावून एक उंची आणाच.

प्रश्न : गोकुळ शिरगावात इंडक्शन फर्नेसची (विजेच्या भट्टीची) शेड पाडायची आहे. जमिनीखाली केबल, कूलिंगचे पाइप, जुने पिट आहेत. जुना नकाशा नाही. जीपीआर (जमिनीखालचं बघणारं रडार) फिरवला की सगळं दिसतं का? (मेन्टेनन्स सुपरवायझर)

सगळं नाही. काही ठिकाणी तर काहीच नाही. काळ्या चिकट मातीत, त्यातही ओल असेल तर, रडारचा सिग्नल मीटरभराच्या आतच विझतो. खाली कोरडा मुरूम असेल तर ४०० मेगाहर्ट्झचा अँटेना दीड-दोन मीटर बघतो. फाउंड्रीच्या जागेत आणखी एक उपद्रव : वर्षानुवर्षं भरावात टाकलेली भट्टीची मळी (स्लॅग) आणि त्यातले लोखंडाचे गोळे. प्रत्येक गोळा पाइपासारखा कमानीचा आकार दाखवतो. आणि फरशीत सळईची जाळी असेल तर तिच्याखालचं जवळजवळ झाकलं जातं.

म्हणून क्रम असा लावा. वीज बंद करण्याआधी केबल लोकेटर पॉवर मोडमध्ये फिरवा, चालू केबल ५० हर्ट्झच्या लहरीवर सापडतात. लाइन तोडल्यावर त्याच केबल मुक्या होतात. मग ट्रान्समीटर लावून ३३ किलोहर्ट्झचा सिग्नल सोडावा लागतो, आणि त्यासाठी केबलचं एक टोक हातात असावं लागतं. त्यानंतर जीपीआर, अर्ध्या-अर्ध्या मीटरच्या रेघांवर उभा आणि आडवा दोन्ही. खोलीचा आकडा यंत्र वेगावरून काढतं. कोरड्या मुरमात लहरीचा वेग नॅनोसेकंदाला १२ सेंटिमीटरच्या आसपास, ओल्या चिकणमातीत तो निम्मा. वेग चुकीचा धरलात तर अर्ध्या मीटरवरचा पाइप एक मीटरवर दाखवला जाईल. जिथे चेंबरचं झाकण उघडून खोली टेपने मोजता येते, तिथे आधी यंत्राचा आकडा जुळवून घ्या.

सापडलेली प्रत्येक रेघ फरशीवर रंगाने आखा आणि लगेच टोटल स्टेशनने उचला. नाहीतर खालचा नकाशा आणि वरचा नकाशा कधीच एकत्र बसत नाहीत. शंका असेल तिथे हाताने मीटर बाय मीटरचा चाचणीखड्डा घ्या. जेसीबी नको.

आणि जुना फिटर अजून गावात असेल तर त्याला खडू देऊन शेडमध्ये एक चक्कर मारायला लावा. कूलिंग टाकीची लाइन कुठून वळवली होती हे रडारला तासभर लागेल, त्याला दोन मिनिटं.

एक वेळापत्रकाची गोष्ट. स्कॅन दोनदा ठरवा. एकदा मशिनं जागेवर असताना, एकदा मशिनं उचलल्यावर. दुसऱ्या वेळी पिट उघडे असतानाच यंत्र उतरवा, कारण रिकामा पिट दिसला की कोणीतरी त्यात राडारोडा लोटतोच. तो मग काठोकाठ भरलेली साधी जमीन दिसतो आणि पोकलेनचा पट्टा त्यात बसतो.

प्रश्न : गोकुळ शिरगाव भागात ड्रोन उडवायला परवानगी लागते का? (सिव्हिल इंजिनिअर)

लागेल असंच धरून चाला. उजळाईवाडीचा विमानतळ शेजारी आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांत विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत हिरवा झोन आहे. त्याच्या आत पिवळा किंवा लाल. पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी, लाल झोनमध्ये केंद्र सरकारची. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलच्या नकाशावर आपली जागा टाकून बघा, अंदाजाने अंतर मोजू नका. धंद्यासाठी उडवणाऱ्याकडे रिमोट पायलट सर्टिफिकेट आणि ड्रोनचा नोंदणी क्रमांक दोन्ही मागा. परवानगीला वेळ लागत असेल तर शेजारच्या इमारतीच्या गच्चीवरून स्कॅनर लावूनही छपराचा बराच भाग मिळतो.

प्रश्न : स्कॅनवरून लोखंडाचं वजन काढून भंगारवाल्याशी भाव ठरवावा, असा विचार आहे. चालेल का? (शेडमालक, शिरोली एमआयडीसी)

लांबी आणि नग यासाठी चालेल. जाडीसाठी नाही, आणि वजन तर जाडीतच असतं. तीनशेचा आयएसएमबी (३०० मिलिमीटर उंचीचा आय-आकाराचा गर्डर) मीटरला ४४.२ किलो, वेबची (मधल्या उभ्या पट्टीची) जाडी साडेसात मिलिमीटर. वेबमध्ये एका मिलिमीटरचा फरक पडला तर मीटरमागे सव्वादोन किलो. पहिल्या प्रश्नातल्यासारखी शेड धरली तर दोन्ही बाजूंच्या साठ-साठ मीटर गॅन्ट्रीत अडीचशे किलोंच्या वर. आणि स्कॅनरच्या बिंदूंची स्वतःचीच थरथर दोन-तीन मिलिमीटर, वर रंगाचे चार थर. तेव्हा प्रत्येक जातीच्या गर्डरला, चॅनेलला दोन-तीन जागी गंज घासून व्हर्नियर किंवा अल्ट्रासोनिक थिकनेस गेज लावा. खांबाच्या पायथ्याशी वेगळं माप घ्या, ओल तिथेच असते.

छपराच्या कैचीत पाठीला पाठ लावलेले दोन अँगल स्कॅनमध्ये एकच दिसतात. पन्नास बाय पन्नास बाय सहाचा अँगल मीटरला साडेचार किलो, आणि तो दुप्पट आहे हे विसरलात तर सगळ्या कैच्यांचं वजन निम्मं लागतं. भंगारवाला ते तुम्हाला सांगणार नाही. शाहू मिलच्या, म्हणजे १९०६ च्या आसपासच्या काळातलं बांधकाम असेल तर गर्डर इंचातले असतात. त्यांना आजच्या तक्त्यातलं वजन लावू नका. वेबवर डॉर्मन लाँगसारख्या विलायती कारखान्याचा ठसा दिसला की समजायचं.

विटांचा हिशेब मात्र स्कॅनवरून छान निघतो. साठ बाय अठराच्या शेडची भिंत १५६ मीटर, सहा मीटर उंच, ३५.५ सेंटिमीटर जाड. दारं-खिडक्यांचे पंधरा टक्के वजा केले की २८० घनमीटरच्या आसपास, म्हणजे शंभर ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) घट्ट भिंत. पाडल्यावर ती फुगून दीडशे ब्रास होते. वाहतुकीचा भाव घट्ट मापावर की सैल मापावर, हे करारात लिहा. भांडण तिथेच होतं.

प्रश्न : स्कॅनमध्ये ॲस्बेस्टॉसचा पत्रा ओळखता येतो का? आणि ही मोजणी सिटी सर्व्हेच्या मोजणीऐवजी चालते का? (एक वाचक, कसबा बावडा)

दोन्हींचं उत्तर नाही. लेसरला पत्र्याचा आकार कळतो, घटक नाही. जुना राखाडी सिमेंटचा पत्रा ॲस्बेस्टॉसचा आहे असं धरून चाला आणि तुकडा ओला करून, पिशवीत बंद करून प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्या. ग्राइंडर लावायचा नाही, वरून खाली फेकायचा नाही. ड्रोनचा उपयोग एवढाच की छपराच्या फोटोवर प्रत्येक पत्र्याला नंबर देता येतो आणि उतरवलेले नग जुळवता येतात. जुन्या ट्रान्सफॉर्मरचं तेलही असंच तपासा. पीसीबी (क्लोरीनयुक्त विषारी रसायन) असलेल्या तेलाच्या वापराला केंद्राच्या २०१६ च्या आदेशाने ३१ डिसेंबर २०२५ पर्यंतचीच मुदत दिली होती.

हद्दीचा पुरावा भूमी अभिलेखच्या मोजणीचाच. तुमचा नकाशा मिलिमीटरचा असला तरी तो भिंत कुठे आहे ते सांगतो, हद्द कुठे आहे ते नाही. जुनी सरकारी मोजणी ३३ फुटी साखळीची, आपला गुंठा ३३ बाय ३३ फुटांचा आहे तो त्यामुळेच. सामाईक भिंत पाडायची असेल तर आधी ती मोजणी मागवा आणि हद्दीच्या खुणा दाखवायला कर्मचारी आले की त्या तिथल्या तिथे तुमच्या कंट्रोलवरून उचलून ठेवा.

प्रश्न : जुन्या तेलगिरणीची विटांची चिमणी आहे, ३० मीटरच्या आसपास. डोळ्यांना कललेली वाटते. किती कललीय ते कसं मोजायचं? (पाडकाम ठेकेदार)

बुंध्याशी उभं राहून मोजू नका, वर लेसर भिंतीला घासून जातो. चिमणीच्या उंचीइतकं लांब जा. ३० मीटरवरून टोकाकडे नजर ४५ अंशांत लागते आणि तिरकं अंतर ४२ मीटर होतं. दहा मीटरला ६ मिलिमीटरच्या सेटिंगवर तिथे दोन बिंदूंत २५ मिलिमीटर पडतात, ते पुरतात. चारही बाजूंनी स्थानकं घ्या. मग दर मीटरला ५ सेंटिमीटरचा आडवा काप काढून प्रत्येकात वर्तुळ बसवा आणि त्यांची केंद्रं जोडा. ही रेघ सरळ तिरकी असेल तर पाया बसलाय. वरच्या एक-तृतीयांशातच वाकली असेल तर वरचा गारा मेलाय. एखाद्या कापात वर्तुळच नीट बसत नसेल तर तिथे भिंत फुगलीय, आणि तिथून खाली कोणालाही उभं करू नका.

टोटल स्टेशनने काटकोनातल्या दोन जागांवरून पडताळा. प्रत्येक उंचीला डावी कड आणि उजवी कड मोजून मध्य काढा, यंत्र उलटं करून पुन्हा. हे सकाळी लवकर किंवा ढगाळ दिवशी करा, उन्हाची बाजू तापून लांबते आणि चिमणी दुपारी थोडी दुसरीकडे झुकते. टोकाची कड आणि आतलं अस्तर खालून कोणत्याच यंत्राला दिसत नाही, तेवढ्यापुरता ड्रोन. वीजरोधकाची पट्टी वरून खालपर्यंत कुठे सैल झालीय तेही त्याच फोटोत बघून घ्या, पहिल्या दिवशी परांचीवर चढणारा माणूस तिला हात घालतो.

हातातल्या यंत्राने चालत केलेला स्लॅम स्कॅन या कामाला घेऊ नका. त्याची चूक दोन-तीन सेंटिमीटरची, आणि लांब एकसारख्या शेडमध्ये तर ती वाढत जाते. राडारोड्याचा अंदाज काढायला तो छान आहे, दहा-पंधरा मिनिटांची फेरी मारून सुरुवातीच्या जागी परत आलात तर. बाकी इमारत पाडताना जी पाहणी आयएस ४१३० (१९९१) या पाडकाम-सुरक्षेच्या भारतीय मानकात सांगितलीय ती चिमणीला दुप्पट लागू आहे. तुमचा आकडा काहीही येवो, त्याच्यावर स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही झाल्याशिवाय पहिली वीट काढू नका.